पडलेला बंपर आणि मारलेली धडक

मुलांच्या कार्टिंग शर्यतीचा निकाल बोर्डावर लागला की त्याभोवती पालकांचा घोळका जमतो आणि वाद सुरू होतो. कुणाच्या नावापुढे 5 सेकंद वाढवलेले असतात, कुणाला 10 सेकंद, कुणाला थेट बाद केलेलं. सगळ्यालाच ‘पेनल्टी’ म्हणतात. पण यातली एक शिक्षा प्लास्टिकच्या तुकड्याच्या अवस्थेला असते आणि दुसरी मुलाच्या वागण्याला. या दोन्हींची गल्लत झाली की वाद भलत्याच माणसाशी, भलत्याच मुद्द्यावर घातला जातो.

आधी प्लास्टिकबद्दल. कार्टच्या नाकावर जो रंगीत पट्टा दिसतो तो फ्रंट फेअरिंग; बोलताना सगळे त्याला बंपरच म्हणतात. पूर्वी तो घट्ट बसवलेला असायचा. मागच्या बाजूलाही जाड प्लास्टिकचं संरक्षण आल्यावर पुढच्या कार्टच्या पाठीला नाक लावायचं आणि वळणाच्या तोंडाशी ढकलून द्यायचं, हे जवळपास डावपेच म्हणून रूढ झालं. म्हणून एफआयएच्या (मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) कार्टिंग शाखेने 2015 पासून फेअरिंग अशा क्लॅम्पवर बसवायला लावलं, की जोराचा दाब आला की ते आपल्या जागेवरून मागे सरकतं. शर्यत संपताना ते जागेवर नसेल तर 5 सेकंदांची शिक्षा. सगळे चाकाला चाक लावून पळत असतात, त्यामुळे 5 सेकंदांत दहा-बारा क्रमांक सहज घसरतात. मधल्या घोळक्यातलं पोरगं तर निकालाच्या तळाशीच सापडतं.

या नियमाची शिस्त कडक आहे. कार्ट सुरुवातीच्या आवारात येते तेव्हा फेअरिंग सुटं असतं आणि स्क्रूटिनियरच्या (कार्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या) डोळ्यांदेखत ते बसवावं लागतं, म्हणजे आतून टेप-तार गुंडाळून कुणी ते पक्कं करू नये. शर्यत चालू असताना ते सरकलं म्हणून यांत्रिक बिघाडाचा, नारिंगी गोळा असलेला काळा झेंडा दाखवत नाहीत. पळू देतात, हिशेब शेवटी. आणि एफआयएच्या शर्यतींत या शिक्षेवर अपील चालत नाही. फेअरिंग जागेवर आहे की नाही, एवढंच बघायचं असतं. दोष कुणाचा, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही.

दुसरी शिक्षा वागण्याची, आणि तिथे सगळं ‘कुणाचा दोष’ यावरच चालतं. वळणाआधी पुढचा आत वळायला लागला तेव्हा मागच्याचं नाक कुठवर पोहोचलं होतं? त्याने ब्रेक कधी मारला? बाहेरच्याला ट्रॅकच्या कडेपर्यंत जागा सोडली होती का? ट्रॅकच्या कडेला उभ्या मार्शलचा अहवाल, व्हिडिओ, दोन्ही मुलांचं म्हणणं हे सगळं घेऊन स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, निवाडा देतात. (ब्रिटनमध्ये पहिला निर्णय क्लर्क ऑफ द कोर्सचा (शर्यत चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याचा) असतो आणि स्टुअर्डकडे अपील जातं, एफआयएच्या शर्यतींत निर्णयच स्टुअर्डचा.) काळ्या-पांढऱ्या तिरक्या झेंड्याच्या ताकिदीपासून बाद करण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि त्याही पुढे. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये इटलीत लोनातोला जागतिक स्पर्धेत लुका कॉर्बेरीने ट्रॅकच्या कडेला उभं राहून आपला सुटलेला बंपर धावत्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर भिरकावला, पुढे पार्क फर्मेमध्ये (शर्यतीनंतर कार्ट ठेवतात त्या बंद आवारात) मारामारीही केली. पुढच्या वर्षी त्याच्यावर 15 वर्षांची बंदी आली. बंपर तोच, पण खटला पूर्ण वेगळा.

फरक नीट दिसतो तो पहिल्या वळणावर. वीस-पंचवीस कार्ट एकदम ब्रेक मारतात. सहावा उशिरा ब्रेक मारून पाचव्यावर आदळतो, पाचवा त्या धक्क्याने चौथ्यावर. आता फेअरिंग पडलं पाचव्याचं. त्याने काहीच केलेलं नाही, तरी 5 सेकंद त्याचे गेले. सहाव्याचं पडलं असेल किंवा नसेलही. पाचव्याच्या वडिलांनी तावातावाने ‘माझ्या मुलाने मारलंच नाही’ म्हणून काही उपयोग नाही, कारण मारलं असं कुणी म्हटलेलंच नाही. त्यांनी विचारायला हवं ते हे: सहाव्याची चौकशी केली का?

याच्या उलट प्रकार जास्त चीड आणणारा. दोघं शेजारी-शेजारी वळणातून बाहेर पडतायत. आतला स्टिअरिंग जरा सैल सोडतो आणि साइड पॉडने (कार्टच्या बाजूच्या प्लास्टिकने) बाहेरच्याला गवतात लोटतो. दोघांचीही फेअरिंग जागच्या जागी. कागदावर दोघंही स्वच्छ. बारा-तेरा वर्षांची मुलं हे फार लवकर शिकतात: नाक जपायचं, बरगडीने मारायचं. काही जण याहून पुढचं शिकतात. मागचा अगदी जवळ आला की अपेक्षा नसेल तिथे ब्रेकला हलका स्पर्श करायचा. त्याचं फेअरिंग जातं आणि आपण निर्दोष.

म्हणून मला वाटतं, हा नियम चांगला आहे, पण त्याने आळशी अधिकाऱ्यांची सोय केली. सरळ मागून ढकलण्याला त्याने खरोखर धाक बसवला. पण 5 सेकंद लावले की न्याय झाला, असं समजून व्हिडिओ उघडायचाच नाही, ही सवय वाईट. ज्याचं फेअरिंग पडलं त्या प्रत्येक प्रसंगात ‘का पडलं’ हे बघणं हे स्टुअर्डचं काम आहे, आणि ते केलं तर निम्म्या वेळा शिक्षेची आणखी एक चिठ्ठी दुसऱ्याच मुलाच्या नंबरवर फाटेल. मुलांना बोलावून व्हिडिओ दाखवत दहा मिनिटं समजावणं हे तर कुठल्याही सेकंदांपेक्षा जास्त लागू पडतं. एफआयएच्या ओके-ज्युनियरसारख्या वर्गात मुलं 12 ते 14 वर्षांची असतात. त्यांना शिक्षा कळते, पण तिचं कारण कुणीतरी सांगावं लागतं.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. मुंबई-पुण्याची बरीच मुलं भाड्याच्या कार्टवर सुरुवात करतात आणि त्या कार्टना चारी बाजूंनी जाड बंपर असतो. तिथे धडक हा खेळाचाच भाग, फार तर मार्शल ओरडतो. तेच मूल पुढे मायक्रो मॅक्स किंवा मिनी मॅक्स या लहान मुलांच्या वर्गांतल्या खऱ्या कार्टवर बसतं, तेव्हा पहिल्या दोन-तीन शर्यतींत त्याचं फेअरिंग पडणारच. प्रशिक्षकाने सरावाच्या दिवशीही फेअरिंग नियमाप्रमाणेच बसवावं. बरेच जण सुटे भाग वाचवायला सरावात ते घट्ट आवळतात, आणि मग शर्यतीच्या दिवशी मुलाला किती दाब चालतो याचा अंदाजच नसतो.

राहिला प्रश्न तक्रार कशाची करायची. फेअरिंग नीट बसवलं होतं, आणि फोटोत ते जागेवरच दिसतंय, तर नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. ते पडलंय, पण दुसऱ्याने पाडलं, तर स्टुअर्डकडे त्या दुसऱ्याच्या वागण्याची तक्रार वेळेत आणि लेखी द्या. आपले 5 सेकंद तरीही परत येतीलच असं नाही.