अमानिटा मशरूममधली विषं आणि त्यांचे वेगवेगळे परिणाम

अमानिटा ही मशरूमची एक मोठी प्रजाती आहे, तिच्यात सहाशेहून जास्त जाती नोंदवल्या गेल्यात आणि जगभरात मशरूम खाऊन जे मृत्यू होतात त्यातले बहुतेक याच प्रजातीतल्या मोजक्या जातींमुळे होतात. त्यामुळे एक गैरसमज पसरलाय की अमानिटाचं विष म्हणजे एकच काहीतरी पदार्थ आहे, थोडा खाल्ला तर नशा होते आणि जास्त खाल्ला तर माणूस मरतो. तसं अजिबात नाहीये. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या मशरूममधली द्रव्यं मेंदूवर काम करतात, हिरवट डेथ कॅपमधली लिव्हरच्या पेशी मारतात, अजून एका गटातली किडनी बंद पाडतात, आणि युरोपात रोमन काळापासून आवडीने खाल्लं जाणारं सीझर मशरूम तेही अमानिटाच. त्यामुळे नुसतं "अमानिटा खाल्लं" एवढ्यावरून पुढे काय होणार हे काहीच कळत नाही, कुठली जात होती आणि त्रास किती वेळाने सुरू झाला हे कळलं तरच अंदाज येतो.

आधी लाल टोपीचं, कारण सगळ्यात जास्त चुकीची माहिती त्याच्याबद्दल आहे. शास्त्रीय नाव अमानिटा मस्कारिया, इंग्रजीत फ्लाय अगॅरिक. १८६९ मध्ये श्मीडेबर्ग आणि कोप्पे या दोघांनी यातून मस्करीन नावाचं द्रव्य वेगळं काढलं आणि मग जवळपास शंभर वर्षं सगळे हेच धरून चालले की या मशरूमचा परिणाम मस्करीनमुळेच होतो. मस्करीनचं औषधशास्त्रातलं महत्त्व खरंच मोठं आहे, १९१४ मध्ये हेन्री डेल यांनी अ‍ॅसिटिलकोलीनच्या, म्हणजे नसांमधून निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या, कामाचे मस्करीनसारखं आणि निकोटीनसारखं असे दोन भाग दाखवले आणि आजही एमबीबीएसची मुलं मस्करिनिक रिसेप्टर (पेशीवरची अशा रसायनाला पकडणारी जागा) पाठ करतात ते तिथूनच आलेलं. पण खुद्द लाल टोपीत मस्करीन जवळपास नसतंच, ताज्या वजनाच्या ०.०००३ टक्के वगैरे. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, नाडी मंद होणं ही खरी मस्करीनची लक्षणं आयनोसायबी आणि क्लायटोसायबी या दुसऱ्याच मशरूममुळे दिसतात. याचा दवाखान्यात थेट फटका बसायचा, कारण मस्करीनवर उतारा अ‍ॅट्रोपिन, म्हणून लाल टोपी खाल्लेल्या पेशंटलाही अ‍ॅट्रोपिन दिलं जायचं आणि त्याने गोंधळलेला पेशंट अजूनच भ्रमात जायचा.

खरी द्रव्यं सापडली १९६० च्या दशकात, जपान, स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या टीम साधारण एकाच वेळी तिथे पोचल्या. एक इबोटेनिक अ‍ॅसिड, दुसरं मस्किमॉल. ही जोडी नीट समजून घेण्यासारखी आहे. इबोटेनिक अ‍ॅसिड दिसायला ग्लुटामेटसारखं, आणि ग्लुटामेट म्हणजे मेंदूतल्या पेशींना चेतवणारं मुख्य रसायन. त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक तुकडा गळून पडला की तयार होतं मस्किमॉल, आणि ते दिसतं गाबासारखं, जे पेशींना शांत करतं. म्हणजे एकाच रेणूतून थोडासा भाग गेला की काम एकदम उलटं होतं. हे रूपांतर मशरूम वाळवताना होतं, तापवल्यावर होतं आणि काही प्रमाणात पोटात गेल्यावरही होतं, त्यामुळे ताजं आणि वाळलेलं यांचा परिणाम सारखा नसतो, शिवाय ऋतू आणि जागा बदलली की प्रमाणही बदलतं. आणि हे एवढं घातक असून इबोटेनिक अ‍ॅसिड जिभेला चविष्ट लागतं, उमामी चव, अजिनोमोटोच्या जातीची. कडू लागलं नाही म्हणजे खाण्यासारखं आहे असं समजणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

लक्षणं अर्ध्या तासापासून दोन तासांत सुरू होतात. तोल जातो, स्नायू फडफडतात, वस्तू उगाच मोठ्या किंवा छोट्या दिसायला लागतात, माणूस बडबडतो, आक्रमक होतो आणि मग अचानक गाढ झोपी जातो, परत उठतो, परत तेच, असं चढ-उतार करत बहुतेक वेळा २४ तासांत उतरतं. लहान मुलांना फिट्स येण्याचा धोका जास्त. मृत्यू क्वचित होतो पण उलटी श्वासनलिकेत जाणं, बेशुद्धीत थंडीत पडून राहणं हे धोके आहेतच. पँथर कॅप म्हणून तपकिरी टोपीची एक जात आहे, तिच्यात हीच द्रव्यं जास्त असतात आणि तिची बाधा जास्त तीव्र असते. आणखी एक गोष्ट स्पष्ट असायला हवी, ज्याला लोक मॅजिक मशरूम म्हणतात त्यातलं सिलोसायबिन हे सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्याच रसायनाच्या रिसेप्टरवर काम करतं, त्याचा आणि मस्किमॉलचा काही संबंध नाही. अमेरिकेत आता अमानिटाचा अर्क घातलेल्या गोळ्या-चॉकलेटं सर्रास विकली जातात, पण तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की फ्लाय अगॅरिक, मस्किमॉल, इबोटेनिक अ‍ॅसिड यांना खाद्यपदार्थात वापरायची परवानगी नाही.

आपल्याकडे या मशरूमची चर्चा होते ती सोमरसावरून. १९६८ मध्ये गॉर्डन वॉसन या अमेरिकन बँकरने मांडलं की ऋग्वेदातला सोम म्हणजे हेच लाल मशरूम. त्याचा एक आधार सायबेरियातला होता, तिथले कोर्याक लोक हे वाळवून खायचे आणि मस्किमॉल लघवीतून बाहेर पडतं म्हणून खाणाऱ्याची लघवी दुसरे लोक प्यायचे, याची वर्णनं अठराव्या शतकापासून मिळतात. कल्पना आकर्षक आहे, पण जॉन ब्रफ यांच्यासारख्या संस्कृतच्या अभ्यासकांनी ती खोडून काढायचा प्रयत्न केला आणि मला त्यांची बाजू जास्त पटते. नवव्या मंडलात सोम दगडाने कुटून, लोकरीच्या गाळणीतून गाळून, दूध घालून पितात आणि त्याने इंद्राला लढायचं बळ येतं. मस्किमॉलने झोप आणि भ्रम येतो. जागं ठेवणारी इफेड्रासारखी वनस्पती त्या वर्णनात जास्त नीट बसते.

आता डेथ कॅप, अमानिटा फॅलॉइडिस. इथे नशा वगैरे काही नाही. यात विषाचे दोन मुख्य गट असतात, अमाटॉक्सिन आणि फॅलोटॉक्सिन, दोन्ही अमिनो आम्लांच्या बंद कड्या. फॅलोटॉक्सिनमधलं फॅलॉइडिन १९३७ मध्ये आणि अमाटॉक्सिनमधलं अमानिटिन १९४१ मध्ये जर्मनीत वेगळं काढलं गेलं. फॅलॉइडिन पेशीला आकार देणाऱ्या अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांना घट्ट पकडतं पण आतड्यातून ते फारसं शोषलंच जात नाही, त्यामुळे जीव घेणारं ते नाही. अल्फा-अमानिटिन मात्र रक्तातून लिव्हरच्या पेशीत शिरतं आणि आरएनए पॉलिमरेज-२ या एन्झाइमला अडवतं. हे एन्झाइम डीएनएवरून प्रथिनांसाठी लागणाऱ्या सूचना उतरवून घेतं, ते थांबलं की पेशी नवीन प्रथिनं बनवू शकत नाही आणि मरते. मोठ्या माणसासाठी घातक मात्रा साधारण वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे एक मोठं मशरूम पुरे. उकळा, तळा, वाळवा, फ्रीझरमध्ये ठेवा, हे विष जात नाही. आणि वाचलेले लोक सांगतात की चव छान होती.

याचं वेळापत्रक फार फसवं असतं. खाल्ल्यावर ६ ते १२ तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग जोराच्या उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. ते एखाद्या दिवसाने थांबतात, पेशंटला बरं वाटतं, घरचेही निर्धास्त होतात, कधी कधी हॉस्पिटलमधून घरी पाठवलं जातं, आणि त्याच काळात रक्तातले लिव्हरचे आकडे चढत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्त न गोठणं, शुद्ध हरपणं. म्हणून डॉक्टर एक ढोबळ नियम वापरतात, मशरूम खाल्ल्यावर सहा तासांच्या आत त्रास झाला तर बहुतेक वेळा कमी घातक, सहा तासांनंतर सुरू झाला तर लिव्हर धोक्यात आहे असं धरूनच चालायचं. पण एकाच जेवणात दोन प्रकारची मशरूम असली तर हा नियमही चुकतो.

हमखास उतारा अजून नाही. भरपूर सलाइन, पोटातलं विष शोषणारा अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे औषध, आणि दूधकाटेरी वनस्पतीतून मिळणारं सिलिबिनिन, जे अमानिटिनला लिव्हरच्या पेशीत शिरू देत नाही, आणि शेवटी लिव्हर ट्रान्सप्लांट. २०२३ मध्ये चीन आणि ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी दाखवलं की इंडोसायनिन ग्रीन, म्हणजे डोळ्यांच्या तपासणीत वर्षानुवर्षं वापरला जाणारा हिरवा रंग, उंदरांमध्ये अमानिटिनचं नुकसान कमी करतो.

किडनीवाला गट थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं अमानिटा स्मिथियाना लोक मात्सुताके हे महागडं खाण्याचं मशरूम समजून उचलतात, त्यात अ‍ॅलेनिक नॉरल्युसिन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि काही दिवसांत किडनी बंद पडते, पण डायलिसिसवर बहुतेक जण सावरतात. अमानिटा रुबेसेन्समध्ये लाल रक्तपेशी फोडणारं एक प्रथिन असतं, ते मात्र नीट शिजवल्यावर नष्ट होतं.

यातल्या बऱ्याच द्रव्यांनी प्रयोगशाळेत मोठी कामं केलीत. चमकणारा रंग जोडलेलं फॅलॉइडिन पेशीचा सांगाडा बघायला रोज वापरतात, मस्किमॉलने उंदराच्या मेंदूचा एखादा भाग तात्पुरता बंद करून बघतात, इबोटेनिक अ‍ॅसिडने कायमचा. अमानिटिन अँटीबॉडीला जोडून थेट कॅन्सरच्या पेशीत पोचवायचे प्रयोगही चालू आहेत.

डेथ कॅप मूळचं युरोपातलं, पण ओकसारख्या झाडांच्या मुळांशी त्याचं सहजीवन असतं आणि रोपांबरोबर ते कॅलिफोर्निया, कॅनबेरा, मेलबर्नपर्यंत गेलंय. डिसेंबर २०१६ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात १४ जणांना बाधा झाली, तिघांचं लिव्हर बदलावं लागलं. आशियातून गेलेले लोक तिथे जास्त फसतात कारण कोवळं डेथ कॅप आपल्या पॅडी स्ट्रॉ मशरूमसारखं दिसतं, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या बे एरिया किंवा मेलबर्नमधल्या मराठी घरांनी बागेतलं मशरूम गावच्या आठवणीने उचलू नये. भारतात एप्रिल २०२२ मध्ये आसामात जंगली मशरूम खाऊन १३ जण दगावले, बहुतेक चहामळ्यांतली माणसं.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात जी अळंबी लोक आवडीने आणतात ती मुख्यतः वारुळावरची, टर्मिटोमायसिस, तिचा दांडा खोल वाळवीच्या घरापर्यंत जातो. अमानिटाच्या दांड्याच्या बुडाशी मात्र पिशवीसारखं आवरण असतं, वर बहुतेक जातींत रिंग आणि टोपीखालच्या पात्या पांढऱ्या. दांडा मधूनच खुडला तर ती पिशवी मातीतच राहते आणि ओळखायची मुख्य खूण हातातून जाते. सगळ्या जातींत या खुणा ठळक नसतात, पावसाने रिंग गळते, ठिपके धुऊन जातात. अमाटॉक्सिनसाठी एक जुनी चाचणीही आहे, मशरूमचा रस वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पिळून वाळवायचा आणि त्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकायचा, स्वस्त कागदात लाकडातून आलेल्या लिग्निन या द्रव्यामुळे काही मिनिटांत निळा रंग येतो. सिलोसायबिनसारख्या दुसऱ्या द्रव्यांनीही असा रंग येऊ शकतो, आणि लिग्निन काढून टाकलेल्या चांगल्या कागदावर तो येतच नाही, शिवाय किडनीवालं आणि मेंदूवालं विष यात अजिबात दिसत नाही, त्यामुळे निळं झालं नाही म्हणून ते मशरूम खाण्यालायक ठरत नाही.