झेलेअण्णा, हिंदुराव, दिगू: निळू फुले आणि खलनायकाचा साचा

मराठी पडद्यावर गावचा खलनायक निळू फुले यांच्या आधीही होता. सावकार होता, पाटील होता, फडावरच्या बाईवर डोळा ठेवून बसलेला इनामदार होता. निळूभाऊ आले आणि हा माणूस दुसऱ्या कुणाचा म्हणून उरलाच नाही. आजही गॅदरिंगमध्ये एखादा पोरगा टोपी तिरकी करतो, आवाज घोगरा करून ‘बाई, वाड्यावर या’ म्हणतो आणि ज्यानं निळू फुल्यांचा एकही चित्रपट सलग पाहिलेला नाही तोसुद्धा हसतो. चाळीस वर्षं काम केलेल्या नटाची ओळख तीन शब्दांत आटपते, हे मला फार लागतं. असं का झालं, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल.

बोलपटाच्या पहिल्या काळात नट एका साच्यात अडकण्याची भीती कमी होती, कारण तो कंपनीचा पगारी माणूस होता. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली आणि पुढे पुण्यात आलेली ‘प्रभात’ घ्या. कुणी काय करायचं ते कंपनी ठरवी. ‘अमृतमंथन’च्या (१९३४) मराठी आवृत्तीत क्रूर राजगुरू झालेले केशवराव दाते तीनच वर्षांनी ‘कुंकू’मध्ये म्हातारे काकासाहेब झाले. तरुण मुलीशी लग्न केलेला हा माणूस कथेच्या हिशेबानं दोषी आहे, तरी शेवटी आपल्याला त्याचीच कणव येते. बाबूराव पेंढारकरांचंही तसंच. ‘अयोध्येचा राजा’मधला (१९३२) दुष्ट गंगानाथ त्यांनी रंगवला होता. त्याच बाबूरावांना आचार्य अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’मध्ये जोतीरावांच्या भूमिकेत उभं केलं आणि लोकांनी ते मानलं. खलनायकी करणाऱ्या नटाला जोतीराव कसे देता, असा अडसर अत्र्यांना वाटला नाही.

पुढे स्टुडिओ बंद पडत गेले. नट मोकळा झाला, तसा बाजारात उभाही राहिला. आता चित्रपट विकला जाणार की नाही हे वितरक ठरवू लागला, आणि वितरकाला नवं काही नको असतं, मागच्या वेळी चाललेलं पुन्हा हवं असतं. १९५९ साली अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’नं पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे काढले. एवढं यश मिळाल्यावर त्याची कृती न बनली तरच नवल. फड, लावणी, भोळा नायक, देखणी नाची आणि तिच्या वाटेत उभा असलेला गावचा बडा माणूस. या कृतीत खलनायकाला एकच काम होतं आणि ते प्रत्येक चित्रपटात तेच होतं. म्हणजे निळू फुले पडद्यावर आले तेव्हा साचा आधीच तयार होता. फक्त तो रिकामा होता.

त्यात त्यांनी काय ओतलं ते कळायला त्यांची घडण पाहावी लागते. पुण्यातलं साधं, कष्टाचं घर. सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळ्याची नोकरी, आणि सगळा जीव राष्ट्र सेवा दलात. सेवा दलाचं कलापथक गावोगाव फिरायचं, देवळापुढच्या पटांगणात वग करायचं. ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग निळूभाऊंनी स्वतः लिहिला. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पुढारी पाहिजे’मध्ये काम केलं. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’नं त्यांचं नाव झालं. कलापथकात असलेल्या माणसाला गाव वेगळ्या कोनातून दिसतं. प्रयोगाची परवानगी कुणाला मागायची, पहिल्या रांगेत कोण बसतं, कोण आल्याशिवाय पडदा उघडत नाही, कुणाच्या हसण्यानंतर बाकीचे हसतात, हे सगळं तिथे फुकट शिकायला मिळतं. वगामध्ये तर याच मंडळींची टिंगल करायची असते, तीही त्यांच्याच समोर. अशा माणसाच्या डोळ्यांतून सत्ता सुटत नाही.

१९६८ साली अनंत माने यांनी ‘एक गाव बारा भानगडी’ काढला, कथा शंकर पाटलांची. झेलेअण्णा हा निळूभाऊंचा पहिला पडदा. आरडाओरडा नाही, गडगडाटी हसू नाही. आवाज खाली, शब्द लांबवलेले, डोळे अर्धे मिटलेले, समोरच्याला बोलू देऊन मग हळूच फास आवळायचा. प्रेक्षक दचकला, कारण त्यानं हा माणूस पाहिलेला होता.

काळही तसाच होता. प्रवरेच्या काठी पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहून दीड तप झालं होतं आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या होत्या. गावात नवी सत्ता आली होती: कारखान्याचा संचालक, सभापती, सोसायटीचा चेअरमन. तो विकास करत होता, रस्ते आणि शाळा आणत होता आणि त्याच हातानं माणसंही दाबत होता. जुन्या चित्रपटांतला इनामदार या माणसाला पुरा पडत नव्हता. निळू फुल्यांच्या चेहऱ्यात तो सापडला. म्हणूनच बायाबापड्या त्यांना समोर पाहून बोटं मोडायच्या, शिव्या द्यायच्या, असे किस्से सांगितले जातात. त्यांचा राग पडद्यावरच्या पाटलापेक्षा आपल्या गावातल्या पाटलावर जास्त असणार. तो तोंडावर काढायची सोय नव्हती, एवढंच.

या सगळ्याचा कळस म्हणजे ‘सामना’. रामदास फुटाणे निर्माते, जब्बार पटेल दिग्दर्शक, लेखन विजय तेंडुलकरांचं. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील एका दारुड्या मास्तरला, डॉ. श्रीराम लागूंना, घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, मानानं ठेवतो. मास्तर मात्र एकच विचारत राहतो: मारुती कांबळेचं काय झालं? त्या प्रश्नासरशी हिंदुरावाच्या चेहऱ्यावर जे होतं ते पुन्हा पुन्हा पाहावं असं आहे. राग आहे, भीती आहे, त्याहून जास्त म्हणजे हा माणूस आपल्याला ओळखतोय याचं एक विचित्र आकर्षण आहे. इतक्या वर्षांत मी ‘सामना’ अनेकदा पाहिला आणि हिंदुराव मला दर वेळी थोडा अधिक एकटा वाटत गेला. हा खलनायक आहे, यात शंकाच नाही. पण तो साच्यातला नाही, कारण त्याला मन आहे आणि ते मन लेखकानं लिहिलेलं आहे.

खलनायकाच्या भूमिका मिळाल्या म्हणून नट अडकत नाही. एकच खलनायक पुन्हा पुन्हा मिळाला म्हणजे अडकतो. ‘सामना’ गाजल्यावर निर्मात्यांनी हिंदुरावातलं जे सहज उचलता येईल तेवढं उचललं: धोतर, टोपी, जीप, घोगरा स्वर, बाईकडे टाकलेली नजर. मारुती कांबळेचा प्रश्न कुणी उचलला नाही. तो लिहायला तेंडुलकर लागतात, आणि मराठी चित्रपटांचं बजेट व शूटिंगचे मोजके दिवस पाहता असं लेखन कुणाला परवडणारं नव्हतं. निळू फुले आले की प्रवेश आपोआप उभा राहतो, मग पटकथेला वेळ कशाला द्यायचा, असा हिशेब झाला. नटाचं सामर्थ्यच लेखकाच्या आळसाला पांघरूण ठरलं. शंभराहून अधिक चित्रपटांच्या त्यांच्या कारकिर्दीत असे प्रवेश किती आहेत याची मोजदाद नको, मन खिन्न होतं.

अधूनमधून दार उघडलं, तेव्हा त्यांनी काय केलं ते पाहा. १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये जब्बार पटेलांनी त्यांना पत्रकार केलं. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा चित्रपट, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. ज्याला सगळ्यांनी सत्तेच्या खुर्चीत पाहिलं, त्याच्या हातात झोळी आणि वही दिली आणि मंत्रालयाच्या जिन्यांवर फिरवलं. दिगू टिपणीस फक्त बघतो. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, स्मगलर सगळे त्याच्या डोळ्यांसमोर व्यवहार करतात आणि शेवटी तो वेड लागल्यासारखा हसत सुटतो. पाटील कुठल्या कुठे गेलेला असतो. चार वर्षांच्या अंतरानं, त्याच दिग्दर्शक-लेखकाच्या जोडीनं, त्याच नटाकडून सत्ताधीश आणि सत्तेचा साक्षीदार या दोन्ही भूमिका करून घेतल्या. पुढे हिंदीत ‘सारांश’मध्ये (१९८४) ते पुन्हा पुढारी गजानन चित्रे झाले. मुंबईनंही तोच शिक्का उचलला होता.

हे एकट्या निळूभाऊंच्या वाट्याला आलं असं नाही. प्राण यांना १९६७ साली मनोजकुमारनं ‘उपकार’मध्ये मलंगचाचा दिला आणि त्यांची दुसरी कारकीर्द सुरू झाली. हिंदीत चित्रपट भरपूर, त्यामुळे अशी वाट सापडू शकली. आपल्या सदाशिव अमरापूरकरांचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. ‘२२ जून १८९७’मध्ये त्यांनी लोकमान्य टिळक केले होते. मग १९८३ साली ‘अर्धसत्य’ आला, कथा पानवलकरांची आणि पटकथा, पुन्हा, तेंडुलकरांची. रामा शेट्टीच्या त्या शांत, पान खात बोलल्यासारख्या सुरानंतर हिंदीनं त्यांच्याकडे पुढची काही वर्षं बहुतेक गुंडच मागितले. ‘सडक’मधली महाराणी (१९९१) अंगावर काटा आणते, पण टिळक करू शकणाऱ्या नटाचं काय झालं हे तिथे कुणी विचारलं नाही.

निळूभाऊंनी नकार का दिले नाहीत, असं कुणी म्हणेल. त्यांना घर चालवायचं होतं आणि त्यासोबत चळवळीही चालवायच्या होत्या. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते होते. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत गावोगाव फिरले, कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. पडद्यावर ज्या सत्तेचा चेहरा ते झाले होते, तिच्याविरुद्ध लढणाऱ्यांसाठी पैसा उभा करत होते. एखाद्या गल्लाभरू चित्रपटाला दिलेल्या तारखांकडे मी या अंगानं पाहतो, आणि मग तक्रार करवत नाही.

खरा धक्का देणारं काम मात्र रंगमंचावर झालं. १९७२ साली कमलाकर सारंग यांनी ‘सखाराम बाइंडर’ बसवलं. सेन्सॉरनं कात्री लावली, सारंग उच्च न्यायालयात गेले आणि नाटक सोडवून आणलं. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, शिवराळ, मारकुटा, पण स्वतःबद्दल एक शब्दही खोटं न बोलणारा सखाराम. पडद्यावरच्या पाटलाचं सगळं साहित्य इथेही होतं: बाईवरचा हक्क, दरडावणं, दारू. त्याच साहित्यातून निळूभाऊंनी असा माणूस उभा केला ज्याला खलनायक म्हणताच येत नाही. लालन सारंगांची चंपा समोर आल्यावर हा दांडगा माणूस हळूहळू मोडत जातो.

चित्रपट राहतो, टीव्हीवर दुपारी पुन्हा पुन्हा लागतो, पोरांना नकलेसाठी मिळतो. नाटकाचा प्रयोग त्या रात्रीबरोबर संपतो. १३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ गेले. ‘सखाराम’चे ते प्रयोग ज्यांनी भरल्या वयात पाहिले ते प्रेक्षकही आता एकेक करून जात आहेत. टोपी आणि वाडा सगळ्यांना पाठ आहे. मृदंग पुढ्यात घेऊन बसलेला तो सखाराम मात्र थोड्याच जणांच्या डोळ्यांत उरला आहे.