कोकणातला उकाडा, रायडिंग जॅकेट आणि वाफेचं गणित

एप्रिल लागला की हवामान खात्याच्या अंदाजात कोकणापुढे एक ठरलेली ओळ यायला लागते, "उष्ण व दमट हवामान", आणि विदर्भापुढे "उष्णतेची लाट". मग आमच्या बाईकवाल्यांच्या ग्रुपवरचा नागपूरकर ४४ चा स्क्रीनशॉट टाकतो, वर म्हणतो तुमचं ३३ म्हणजे आमची थंडी, कसले रडताय. त्यात यूट्यूबवर कोणीतरी राजस्थान फिरून आलेला ज्ञान देत असतो की उन्हाळ्यात रायडिंग जॅकेटचे व्हेंट (हवा आत-बाहेर जायची भोकं) बंद ठेवा, आतला टीशर्ट पाण्यात बुडवून घाला, एसीत बसल्यासारखं वाटेल. आमच्याकडची पोरं ते बघून रत्नागिरीहून मालवणला तसंच निघतात, पूर्णगड येईस्तोवर उकडून निघतात आणि ते आठ हजारांचं जॅकेट कायमचं माळ्यावर जातं. पुढच्या वेळी हाफ टीशर्ट आणि स्लिपर.

खरं तर खोटं कोणीच बोलत नाहीये. त्यांची गरमी वेगळी, आपली वेगळी, आणि दोन्हीसाठी लागणारं जॅकेटही वेगळं. हवामान खातंसुद्धा दोन्हीकडे एकच पट्टी लावत नाही, उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून पुढे होतो आणि किनारपट्टीवर ३७ पासूनच. असं का, ते एकदा समजलं की जॅकेट निवडणं सोपं होतं, म्हणून आधी थोडं गणित करू, कंटाळा आला तर खाली उडी मारा.

उन्हात कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. शरीराची उष्णता बाहेर टाकायचे मुख्य रस्ते दोन. एक म्हणजे हवा कातडीपेक्षा थंड असली तर ती सरळ उष्णता घेऊन जाते. दुसरा घामाचा. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला १ कॅलरी लागते हे शाळेत झालंय, पण तेच एक ग्रॅम पाणी कातडीवरून वाफ होऊन उडताना साधारण ५८० कॅलरी घेऊन जातं. ५८० पट! पण अट एकच, घाम उडाला पाहिजे. निथळला तर शून्य.

आता घाम उडणार किती हे हवेच्या तापमानावर नाही, वाफेच्या दाबातल्या फरकावर ठरतं, म्हणजे ओल्या कातडीवर वाफेचा जोर किती आणि हवेत आधीच किती. ३५ अंशांच्या ओल्या कातडीवर वाफेचा दाब साधारण ४२ मिलिमीटर असतो (पाऱ्याचे मिलिमीटर, ब्लडप्रेशर मोजतात तेच). रत्नागिरीत मे महिन्याच्या दुपारी समजा ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली तर बाहेरच्या हवेत वाफेचा दाब २६ च्या आसपास. फरक १६. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के धरा, तिथे हवेत वाफेचा दाब जेमतेम १०. फरक ३२. म्हणजे नागपूरची हवा ११ अंशांनी गरम असूनही घाम ओढून घ्यायला आपल्यापेक्षा दुप्पट भुकेली!

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कातडीला हवेचा एक पातळ थर चिकटलेला असतो, उष्णताही त्यातूनच बाहेर जाते आणि वाफही त्यातूनच. रस्ता एकच असल्यामुळे दोन्हींची थेट तुलना करता येते, इंजिनियरिंगवाले याला लुईसचा संबंध म्हणतात. हिशोब असा की वाफेच्या दाबातला १ मिलिमीटरचा फरक हा तापमानातल्या साधारण २.२ अंशांच्या फरकाएवढी उष्णता बाहेर काढतो. मग कोकणात घामाचे १६ मिलिमीटर म्हणजे ३५ अंशांएवढं काम, आणि हवा कातडीपेक्षा २ अंशांनी थंड आहे त्याचं काम किती? दोन अंशांचं! म्हणजे "वारा लागून गार वाटलं" असं आपण म्हणतो तो जवळपास सगळा घामाचा प्रताप. नागपुरात घामाचे ७० अंश, त्यातून गरम हवा उलट आत ढकलते ते ९ वजा, उरले ६१. आपले ३७ आणि त्यांचे ६१. अर्थात हे कातडी पूर्ण ओली असेल तर, आणि तिथेच खरी मेख आहे. नागपुरात घाम इतक्या झटपट उडतो की शरीराला तेवढा पुरवताच येत नाही, कातडी कोरडी पडते, मग गरम वारा फक्त भाजतो. म्हणून तिकडे व्हेंट कमी उघडे ठेवायचे, आत ओला टीशर्ट घालायचा आणि पाणी पुरवून पुरवून वापरायचं, तो राजस्थानवाला बरोबरच सांगतोय. आपल्याकडे उलटं. पाण्याची कमतरता नाहीच, आपण आधीच चिंब असतो, अडचण आहे ती वाफ बाहेर न्यायची. ओलं फडकं वाऱ्यात धरलं तर नागपुरात ते २३ अंशांपर्यंत गार होऊ शकतं, रत्नागिरीत २८ च्या खाली जाणारच नाही. म्हणून ते पाण्यात बुडवायचं महागडं कूलिंग व्हेस्ट इथे घेऊ नका, त्यावर बंद जॅकेट घातलं तर तुम्ही स्वतःच मोदकासारखे वाफवून निघाल.

त्या चिकट थराला पातळ करायचा एकच उपाय, वारा. वाऱ्याचा वेग चौपट झाला की घाम उडायचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे कोकणात जॅकेट पाहिजे ते मेशचं, जाळीचं, आणि नुसती छातीवर दाखवायला दोन पट्ट्या असलेलं नाही. दुकानात एक करा, जॅकेटची छाती तोंडासमोर धरून फुंकर मारा, पलीकडे हाताला लागली पाहिजे. आत थर्मल लायनर किंवा रेन लायनर (थंडीसाठी किंवा पावसासाठीचं सुटं अस्तर) असेल तर तो घरीच काढून ठेवा. मग पाठ बघा. पाठीलाही जाळी हवी, कारण आत आलेली हवा बाहेर जायला वाट नसेल तर पुढची नवी हवा आत येणारच नाही, जॅकेट नुसतं फुग्यासारखं फुगतं. आणि इथे नव्वद टक्के लोक माती खातात, एवढं मेशचं जॅकेट घेऊन त्यावर पाठीला सॅक लावतात! बाहेर जायची वाट बंद. सॅक मागच्या सीटवर बांधा.

याच कारणाने वाऱ्याची दिशाही बघा. दुपारचे खारे वारे आपल्या किनाऱ्यावर साधारण पश्चिम-वायव्येकडून येतात, म्हणजे उत्तरेहून दक्षिणेला जाताना ते थोडे पाठीवर घेतो आपण. बाईक ३० ने चालली आहे आणि मागून १५ चा वारा आहे तर अंगाला लागणार फक्त १५. घाटात ट्रकमागे अडकलात तर तेवढाही नाही. आणि थांबलात की संपलंच. तवसाळच्या जेटीवर जयगडची फेरीबोट यायची वाट बघत उन्हात उभे राहा, मिनिटभरात पाठीच्या कण्यावरून एक थेंब सरळ कमरेपर्यंत उतरताना कळतो. तो थेंब फुकट गेला, उडाला असता तर कामाला आला असता. अशा वेळी जॅकेट "सेफ्टी सेफ्टी" करत अंगात ठेवायचं काही कारण नाही, काढा, सावली शोधा, समुद्राचा वारा लागेल असं उभं राहा.

आतला टीशर्ट सुती नको. सुती पाणी धरून ठेवतो, अंगाला चिकटतो आणि बाहेरची जाळी आतून बुजवून टाकतो, वर घामोळं येतं ते वेगळंच. पातळ पॉलिस्टरचा, खेळाडू घालतात तसला पुरे.

एवढं करूनही मेश जॅकेट उघड्या हातांपेक्षा थोडं गरम होणारच, हे सरळ कबूल करायला हवं, जो विक्रेता "घातल्याचं कळणारच नाही" म्हणतो तो थापा मारतोय. मग घालायचं कशाला? ५० च्या स्पीडला पडलात तर अंग रस्त्यावर साधारण १५-१६ मीटर घसरत जातं, डांबरावर किंवा हायवेच्या त्या खरबरीत काँक्रीटवर, कडेला जांभ्याची खडी. टीशर्ट त्यात सुरुवातीलाच संपतो, पुढचं सगळं अंतर कातडीचं. जॅकेटच्या लेबलवर ईएन १७०९२ (बाईकच्या कपड्यांचं युरोपियन मानक) आणि त्यापुढे ट्रिपल ए, डबल ए किंवा ए असं बघा, ट्रिपल ए सगळ्यात दणकट. बहुतेक मेश ए मध्ये येतात, डबल ए मिळालं तर उत्तम. खांद्याला आणि कोपराला जाळी नको, तिथे जाड कापडच हवं. आतल्या आर्मरवर, म्हणजे खांद्या-कोपरातल्या दणका झेलणाऱ्या पॅडवर, ईएन १६२१-१ आणि लेव्हल लिहिलेली असते, टेस्टमध्ये दोन्ही लेव्हलना सारख्याच जोराचे ठोके मारतात, लेव्हल १ मधून आत पोचणारा दणका सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ मधून २० पर्यंतच. भोकं असलेला लेव्हल २ आर्मर हल्ली मिळतो, तो घ्या. पाठीच्या खिशात स्पंजचा तुकडा घालून देतात तो आर्मर नव्हे. आणि जॅकेट अंगाबरोबर हवं, ढगळ घेतलं तर पडताना कोपराचा आर्मर कोपरावर राहतच नाही.

ग्लोव्हज भोकांचे पण तळव्याला जाड, बूट घोट्याच्या वर. यात जास्त शास्त्र नाही, फक्त घाला.

ते शंभर रुपयांत मिळणारे "आइस कूल" स्लीव्हज मात्र सोडा. उन्हाने हात काळे पडू नयेत म्हणून ठीक आहेत, पण घसरलात तर पातळ नायलॉन घर्षणाने वितळून जखमेत चिकटतं. आणि बर्फ वगैरे काही नसतं त्यात, गार वाटतं ते पुन्हा आपल्याच घामाने. तीच गत खिशातल्या कांद्याची. कांदा खिशात असला की ऊन लागत नाही असं मानणारे आमच्या वाडीत अजून आहेत, चांगले शिकलेले. कांद्याचा वाफेच्या दाबाशी काडीचा संबंध नाही. तो कोशिंबिरीत घाला.

हेल्मेटचंही तसंच, "डोकं उकडतं, टक्कल पडतं" म्हणून लोक ते आरशाला लटकवतात. आतला थर्मोकोल, म्हणजे ईपीएस, जवळजवळ हवाच असतो आणि उष्णता अडवतो, डोक्यावरचं ऊन तो आत येऊच देत नाही. उकडतं ते घाम उडत नाही म्हणून, तेव्हा पुढे-मागे दोन्हीकडे व्हेंट असलेलं आणि आतलं अस्तर काढून धुता येईल असं घ्या, आयएसआय मार्क बघून. १ जून २०२१ पासून तो मार्क सक्तीचा आहे, तरी रस्त्याकडेला टोप्या विकणारे आहेतच.

प्यायला काय, तर घामातून मीठ जातं, मुख्यतः सोडियम. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून नुसत्या शहाळ्यांवर दिवस काढू नका, मधे मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा ओआरएस घ्या.

शेवटचं आपल्या खाऱ्या हवेबद्दल, जे बाहेरचे यूट्यूबवाले सांगत नाहीत. धातूची चेन असलेलं जॅकेट घेऊ नका, एका पावसाळ्यात ती हिरवी होऊन अडकते, जाड प्लास्टिकच्या दात्यांची बघा. राइडवरून आलात की आर्मर काढून जॅकेट साध्या पाण्यात बुचकळा, मीठ निघून जाऊ दे, सावलीत वाळवा, आणि जूनमध्ये कपाटात कोंबायच्या आधी पूर्ण सुकलंय ना बघा, नाहीतर गणपतीत काढाल तेव्हा बुरशी. चेन जड चालायला लागली तर दात्यांवर मेणबत्ती घासा.