मॉर्गेज सर्व्हिसर आणि घरजप्ती (अमेरिका)

अमेरिकेत गृहकर्जाचे हप्ते गोळा करणारी, कर्जखाते सांभाळणारी आणि हप्ते थकले तर तारण घराचा लिलाव घडवून आणणारी कंपनी म्हणजे मॉर्गेज सर्व्हिसर. कर्ज बहुधा तिच्या मालकीचे नसते. घरजप्तीतल्या बऱ्याच घोळांचे मूळ शोधत गेले, की याच गोष्टीपाशी पोचते.

आपल्याकडच्या वाचकाची इथे दोनदा फसगत होऊ शकते. भारतीय बँकांच्या बोलीत ‘फोरक्लोजर’ म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडून खाते बंद करणे. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ घर हातचे जाणे. शिवाय आपल्याकडे कर्ज देणारी बँकच सहसा हप्ते घेते आणि कर्ज बुडीत खात्यात गेले, की २००२च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीसही तीच काढते. अमेरिकेत कर्ज देणारी संस्था ते पुष्कळदा थोड्याच दिवसांत फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या गृहकर्जे विकत घेणाऱ्या, सरकारी पाठबळाच्या संस्थांना विकते, नाहीतर ते खासगी रोख्यांच्या गाठोड्यात जाते, म्हणजे अनेक कर्जे एकत्र करून त्यांवरचे रोखे गुंतवणूकदारांना विकले जातात. मग मालक गुंतवणूकदार, कागदोपत्री नाव ट्रस्टीचे (गुंतवणूकदारांच्या वतीने कर्जे धरणाऱ्या बँकेचे) आणि फोन उचलणारा सर्व्हिसर, अशी तीन तोंडे होतात. वसुलीचा हक्कही वेगळा विकता येतो, त्यामुळे ३० वर्षांच्या कर्जात सर्व्हिसर चार वेळा बदलला तरी कोणाला नवल वाटत नाही.

मोबदल्याचा हिशेब पाहिला, की सर्व्हिसरचे वागणे उलगडते. नेहमीच्या कर्जावर त्याला शिल्लक मुद्दलाच्या साधारण ०.२५ टक्के वर्षाला मिळतात. ३,००,००० डॉलर शिल्लक असतील तर वर्षाचे ७५०, म्हणजे महिन्याला ६२-६३ डॉलर. हप्ते सुरळीत येत असतील तर एवढ्यात भागते. कर्जदार अडचणीत आला, की फोन, कागद, उत्पन्नाची तपासणी असे माणसाचे काम सुरू होते आणि पैसे पुरत नाहीत. उशिराचा दंड मात्र सर्व्हिसरच्याच खिशात जातो. खासगी रोख्यांत आणखी एक पेच असतो. कर्जदाराने हप्ता भरला नाही तरी गुंतवणूकदाराला तो सर्व्हिसरने स्वतःजवळून द्यायचा, आणि घर विकले गेले की आलेल्या रकमेतून आधी स्वतःची भरपाई करून घ्यायची. म्हणून गुंतवणूकदाराला कर्ज सवलतीत वळवून घेणे फायद्याचे असले, तरी सर्व्हिसरला लिलावच सोयीचा वाटू शकतो.

थकबाकीची सुरुवात नेहमी नोकरी गेल्यानेच होते असे नाही. महिन्याच्या रकमेत मुद्दल आणि व्याजाबरोबर एस्क्रोची, म्हणजे घरपट्टी व विमा भरण्यासाठी सर्व्हिसरकडे राखून ठेवायची, रक्कम असते आणि तिचा हिशेब वर्षातून एकदा नव्याने होतो. समजा घरपट्टी वाढली आणि हप्ता २,१०० वरून २,१४० डॉलर झाला, पण बँकेतून आपोआप जाणारी रक्कम २,१०० वरच राहिली. कर्जदाराच्या लेखी हप्ता गेला. सर्व्हिसरच्या लेखी तो अपुरा. अपुरी रक्कम तो हप्ता म्हणून जमा न करता ‘सस्पेन्स’ या तात्पुरत्या खात्यात बाजूला ठेवू शकतो. त्यात पूर्ण हप्त्याएवढी रक्कम साठली की ती हप्ता म्हणून जमा करावीच लागते, पण तोवर दंड चढतो आणि ४० डॉलरसाठी खाते महिनाभर मागे दिसू लागते. विम्याचेही असेच होते. पॉलिसी चालू असूनही तिचा कागद पोचला नाही, तर सर्व्हिसर स्वतः महागडा विमा उतरवून खर्च खात्यावर टाकतो. त्यासाठी आधी ४५ दिवसांची नोटीस आणि नंतर आठवण देणे बंधनकारक आहे.

पुढची वाट राज्यागणिक बदलते. न्यू यॉर्क, फ्लोरिडा, न्यू जर्सी, इलिनॉय इथे कोर्टात दावा लावावा लागतो. कॅलिफोर्निया, टेक्सस, जॉर्जियात बहुतेक लिलाव कोर्टाबाहेर होतात. टेक्ससमध्ये लिलावाची नोटीस किमान २१ दिवस आधी लागते आणि लिलाव सहसा महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत होतो. कोर्ट नसलेल्या राज्यांत खात्यातली चूक कोणी आपणहून तपासत नाही. लिलाव थांबवायचा तर कर्जदारालाच कोर्टात धावावे लागते.

कोर्ट असले तरी तपासणी होतेच असे नाही, हे २०१०मध्ये उघड झाले. जीएमएसी मॉर्गेज या सर्व्हिसर कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने साक्षीत कबूल केले, की तो महिन्याला जप्तीच्या सुमारे १०,००० कागदांवर सह्या करत होता. कामाचे तास धरले तर एका कागदाला जेमतेम एक मिनिट. आणि त्या प्रतिज्ञापत्रांत तर ‘मी खाते स्वतः पाहिले आहे’ असे लिहिलेले! त्या सप्टेंबरात कंपनीने २३ राज्यांतली जप्ती थांबवली. ऑक्टोबरात बँक ऑफ अमेरिकेने सर्व ५० राज्यांतले लिलाव रोखले. जानेवारी २०११मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने इबानेझ खटल्यात दोन लिलाव रद्दबातल ठरवले, कारण लिलावाच्या वेळी तारण आपल्या नावावर होते हे बँकांना दाखवता आले नाही. फेब्रुवारी २०१२मध्ये पाच मोठ्या सर्व्हिसरांनी ४९ राज्ये आणि केंद्र सरकारशी सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड केली. घर गमावलेल्यांपैकी ज्यांनी दावा केला, त्यांच्या हाती साधारण १,४८० डॉलरचा धनादेश पडला. अनेक शहरांत तेवढ्यात महिन्याचा हप्ताही निघाला नसता.

१० जानेवारी २०१४पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी काही लगाम घातला. कर्ज १२० दिवसांहून अधिक थकल्याशिवाय जप्तीचे पहिले पाऊल टाकता येत नाही. कर्ज सवलतीत वळवून घेण्याचा कर्जदाराचा पूर्ण अर्ज लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पोचला, तर सर्व्हिसरने ३० दिवसांत निर्णय कळवायचा आणि तोवर लिलाव करायचा नाही. अडते ते ‘पूर्ण’ या शब्दापाशी. एक पगारपत्रक कमी, एका पानावर सही नाही, की अर्ज अपूर्ण. ते पाठवेपर्यंत आधीची बँक स्टेटमेंटे जुनी झालेली असतात आणि नवी मागितली जातात. अर्ज मधेच दुसऱ्या सर्व्हिसरकडे गेला, तर नियमाने त्याने तो तिथूनच पुढे न्यायचा. पण कागद सोबत गेलेले नसतील तर ते सिद्ध करणे कर्जदाराच्या गळ्यात पडते. कधी सर्व्हिसरच्या निर्णय विभागाने अर्ज घेतलेला असतो आणि जप्ती चालवणाऱ्या त्याच्याच वकिलाला ते कळवलेलेच नसते.

सर्व्हिसर बदलताना जुन्याने १५ दिवस आधी कळवायचे असते, आणि पुढचे ६० दिवस हप्ता चुकून पण वेळेत जुन्याकडे गेला तरी उशिराचा दंड लावता येत नाही. तरीही शेवटच्या दोन-तीन हप्त्यांच्या पावत्या आणि एस्क्रोचा ताजा हिशेब हाताशी असलेला बरा. चूक सापडली तर फोनवर वाद घालण्यात अर्थ नाही. सर्व्हिसरने तक्रारींसाठी ठरवलेल्या पत्त्यावर, नाव, खाते क्रमांक आणि नेमकी चूक लिहून स्वतंत्र पत्र पाठवावे. हप्त्याच्या स्लिपवर खरडलेला मजकूर नियमात धरला जात नाही. पोच ५ कामकाजी दिवसांत आणि उत्तर सहसा ३० कामकाजी दिवसांत यावे लागते. चूक हप्त्याबाबत असेल तर पत्र मिळाल्यापासून ६० दिवस त्या हप्त्याची प्रतिकूल नोंद सर्व्हिसरला क्रेडिट ब्युरोकडे पाठवता येत नाही. हप्ता भरण्याचा पत्ता आणि तक्रारीचा पत्ता पुष्कळदा वेगळे असतात, आणि पत्र चुकीच्या पत्त्यावर गेले तर ही मुदत सुरूच होत नाही.