पुली निघत नाही? घण जरा खाली ठेवा

मामाच्या पिठाच्या गिरणीची 5 एचपीची जुनी मोटर, बेअरिंग खडखडायला लागलं म्हणून खाली उतरवली, आता बेअरिंग बदलायचं तर आधी पुली, म्हणजे बेल्टचं चाक, काढायला लागते आणि ती काही केल्या जागची हलेना. मामाने घणच उचलला. म्हटलं, थांब जरा.

नवी असताना ही पुली हलक्या ठोक्याने बसते, कारण शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरता दांडा, आणि पुलीचं भोक यांच्यात फरक असतो तो मिलिमीटरच्या एक-दोन शतांशाचा. मग एवढी घट्ट होते कशी? तर गंजाने. लोखंड गंजलं की जागा जास्त खातं, दुप्पट तरी, आणि पाणी धरलेला गंज त्याहूनही जास्त. उघड्यावर असता तर पापुद्रे सुटून पडले असते, इथे फुगायला जागाच नाही म्हणून तो दोन्ही बाजूंनी दाबून बसतो. त्यात बेल्टच्या ओढीने पुली शाफ्टवर डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक थरथरत असते, त्या घासण्याने लोखंडाची पूड पडते आणि तीही गंजते.

मामाचं म्हणणं, बेअरिंग तर बदलायचंच आहे, मग ठोकायला काय हरकत? एरवी हरकत बेअरिंगचीच असते, ठोका छर्‍यांमधून जातो आणि रिंगला बारीक खड्डे पडतात. पण पुली बिडाची आहे ना! बीड दाब झकास सोसतं, ताण मात्र सोसत नाही, कडेवर मागून एक जोरात बसला की टवकाच उडतो. शाफ्ट वाकला तर आणखी पंचाईत, कारण अशा मोटरीत रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटर (बाहेरचा स्थिर भाग) यांच्यामधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते.

मग आम्ही आधी ग्रब स्क्रू, म्हणजे पुलीला शाफ्टवर दाबून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू, शोधला, पीठ आणि रंगाच्या थराखाली दडलेला. काढला, तरी पुली ढिम्म. बॅटरी मारून भोकात बघितलं तर खाली दुसरा! वरचा खालच्याला लॉक करतो म्हणून जुने फिटर असे एकावर एक दोन घालतात, आणि आपण बसतो घाम गाळत. (तुमची पुली टेपर बुशवाली, म्हणजे आत निमुळती फोडणी बसवलेली, असेल तर हा सगळा खटाटोप नकोच, बुशचे दोन्ही स्क्रू काढायचे आणि त्यातला एक तिसऱ्या मोकळ्या भोकात घालून आवळायचा, बुश आपोआप सुटतो.)

रात्री मोटर शाफ्ट वर करून उभी ठेवली आणि गंज सोडवायचं पातळ तेल सोडलं, मुद्दाम चावीच्या (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून मध्ये बसवलेल्या लोखंडी पट्टीच्या) खाचेत, कारण चावीच्या डोक्यावर थोडी फट असते आणि तेल पार आतपर्यंत उतरतं. दिव्याची वात तेल ओढते तसंच हे, फट जेवढी बारीक तेवढी ओढ जास्त, पण तेलही पातळ हवं, इंजिनचं जाड ऑइल तिथे पोचता पोचता दिवस मावळेल.

सकाळी तीन पायाचा पुलर, म्हणजे बोल्ट आवळून पुली ओढून काढायचं अवजार, लावला, पाय कडेला नाही तर मधल्या बॉसला (भोकाभोवतीच्या जाड भागाला) धरून, आणि टोक शाफ्टच्या सेंटरमध्ये. पुलरच्या बोल्टचा आटा 2 मिमीचा धरा आणि पाना फूटभर, तर हात साधारण 1.9 मीटरचा फेरा मारतो तेव्हा बोल्ट 2 मिमी सरकतो, म्हणजे हिशेबाने साधारण 950 पट जोर. त्यातला बराचसा आट्यांच्या घर्षणात जातो, तरी 15 किलोच्या दाबाला दीड-दोन टन सहज मिळतात. तरीही हलली नाही.

मग उष्णता. बरेच जण विचारतात की तापवल्यावर लोखंड फुगतं तर भोक आवळणार नाही का? नाही, भोकही मोठंच होतं. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो ते आठवा, तापवून सैल करतो, लाकडी चाकावर बसवतो आणि पाणी ओतलं की ती आवळते. आपल्याला याच्या उलट हवंय. 28 मिमीचं भोक 150 अंशांनी तापलं तर साधारण साडेचार शतांश मिलिमीटर वाढतं, केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण गंजाची पकड सुटायला पुरतं. फक्त पुली पटकन तापली पाहिजे, सावकाश तापवत बसलात तर शाफ्टही तापून तेवढाच फुगतो आणि परत जैसे थे. आणि हो, तेल आधी पुसून घ्या आणि मोटर गिरणीबाहेर अंगणात न्या, हवेत उडालेलं पीठ ज्योतीला लागलं तर भडका उडतो, हे मामाला पटवायला मला पुली काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

ब्लोलॅम्प तीन-चार मिनिटं फिरवला, पुलर आवळलेलाच होता, बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा एक हलका ठोका दिला आणि टण्‌ करून पुली सुटली. आतून कोकोसारखी तपकिरी पूड सांडली, आणि तिच्याबरोबर एक वाकडी पत्र्याची पट्टी. कधीकाळी पुली ढिली झाली म्हणून कुणीतरी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आत कोंबला होता. मामा पट्टीकडे बघून गप्पच झाला, मग हळूच म्हणाला, "मीच घातली असणार रे."