पाकिटबंद मांस: नाव कोणाचे, कारखाना कोणाचा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या दुकानातून सलामी, सॉसेज, हॅम आणि नगेट्स नेणारे ग्राहक बेळगाव शहराबरोबरच खानापूर आणि निपाणीकडूनही येतात. पाकिटावरचा मजकूर बहुतेक इंग्रजीत असतो आणि मराठी जवळजवळ नसतेच, त्यामुळे पुष्कळजण समोरचे ठळक नाव पाहून माल उचलतात. परंतु ते नाव, त्याचा आजचा मालक आणि माल तयार करणारा कारखाना यांचा मेळ असेलच असे नाही, आणि तसे का होते हे या धंद्याच्या इतिहासावरून चांगले कळते.

या धंद्याचा पाया थंडाव्याचा आहे. अमेरिकेत पूर्वी शिकागोहून पूर्वेकडच्या शहरांना जिवंत गुरे रेल्वेने जात. वाटेत ती रोडावत, काही मरत, आणि निम्म्याहून कमी वजनच खाण्याजोगे असूनही भाडे संपूर्ण जनावराचे पडे. शिकागोचे मांस व्यापारी गुस्ताव्हस स्विफ्ट यांनी 1880 च्या सुमारास बर्फ ठेवलेले रेल्वेचे डबे वापरून कापलेले मांसच पाठवायला सुरुवात केली. बर्फ डब्याच्या वरच्या भागात ठेवला की गार हवा आपोआप खाली उतरते, एवढीच त्यातली युक्ती होती. गुरांच्या भाड्यावर कमावणाऱ्या रेल्वे कंपन्यांनी विरोध केला, तेव्हा स्विफ्ट यांनी कॅनडातून जाणाऱ्या ग्रँड ट्रंक रेल्वेचा मार्ग धरला.

माल दूर जाऊ लागल्यावर तो कोणाचा हे गिऱ्हाइकाला समजणे गरजेचे झाले, कारण सुट्ट्या सॉसेजवर बनवणाऱ्याचे नाव नसते. 1883 साली शिकागोत सुरू झालेल्या ऑस्कर मायर यांच्या पेढीने 1929 साली सॉसेजवर पिवळी कागदी पट्टी लावायला सुरुवात केली. ही पेढी 1981 साली जनरल फूड्सने घेतली, पुढे ती क्राफ्टकडे गेली आणि 2015 पासून क्राफ्ट हाइन्झची आहे. पाकिटावर आडनाव मात्र मायर यांचेच. हॉर्मेल या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची (स्थापना 1891) वाट वेगळी. त्यांनी 1926 साली डबाबंद हॅम आणि 1937 साली ‘स्पॅम’ नावाचे डबाबंद मांस बाजारात आणले.

आपल्याकडे 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी सुरू केलेल्या वेंकटेश्वर हॅचरीजमधून पुण्याचा व्हेंकीज समूह वाढला. गोदरेजने 2008 साली अमेरिकेच्या टायसन या मांस कंपनीबरोबर भागीदारी केली आणि पुढे टायसनचा वाटाही स्वतःकडे घेतला. आपल्या फ्रीजरमधल्या ‘यमीझ’ या नावामागे हा व्यवहार आहे.

म्हणून पाकीट उलटून पाहावे. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ पुढचे नाव तयार करणाऱ्याचे आणि ‘मार्केटेड बाय’ पुढचे विकणाऱ्याचे असते. ही दोन्ही वेगळी असली तर त्यात गैर काही नाही, परंतु आमच्या मते आधी पाहावा तो कारखाना. एफएसएसएआयचा (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक 14 अंकी असतो. तक्रार करताना तो आणि लॉट क्रमांक (एकत्र तयार झालेल्या मालाचा क्रमांक) दोन्ही द्यावेत. बिल असले तरी पाकीट टाकून दिल्यास माल कोणत्या लॉटमधला हे सांगता येत नाही.

जुने नाव म्हणजे हमी नव्हे. 1905 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या बोअर्स हेड या नामांकित कंपनीच्या व्हर्जिनियातील एका कारखान्यातल्या मालातून 2024 साली लिस्टेरिया जिवाणूचा संसर्ग पसरला, दहा माणसे दगावली आणि तो कारखाना बंद झाला. हा जिवाणू फ्रिजच्या थंडाव्यातही हळूहळू वाढतो. त्यामुळे फोडलेले सलामीचे पाकीट तारीख शिल्लक आहे म्हणून आठवडाभर पुरवू नये, आणि गरोदर स्त्रिया व वयस्कर मंडळींसाठी काप वाफ येईपर्यंत गरम करावेत.

गोठवलेला माल उणे 18 अंशांवर आणि थंड माल 0 ते 4 अंशांवर ठेवायचा असतो. करंट गेला तर फ्रीजर उघडू नये. नगेट्स एकमेकांना चिकटून गोळा झाले असतील किंवा पाकिटात बर्फाचे जाड खडे दिसत असतील, तर माल एकदा वितळून पुन्हा गोठला आहे असे समजावे, मग तो आमच्याच दुकानातला का असेना, आणि तो परत आणावा. सलामीचे पाकीट फुगलेले असल्यास ते फोडूही नये. गोव्याहून येणाऱ्या चोरीस या सॉसेजच्या माळांना एवढा थंडावा लागत नाही, कारण त्या मीठ, व्हिनेगर आणि मिरचीवर टिकतात. मात्र त्या कच्च्या असल्याने नीट शिजवूनच खाव्यात.

लांबच्या ग्राहकांनी बाजारहाट आटोपल्यावर शेवटी आमच्याकडे यावे आणि झाकणाचा थर्माकोल डबा सोबत आणावा. त्यात ठेवायला बर्फ आम्ही देतो.