पार्श्वभूमी : तिरंग्याचे रंग नेमके कशाचे?

केशरी त्यागाचा, पांढरा शांततेचा, हिरवा समृद्धीचा. पंधरा ऑगस्टच्या भाषणासाठी आपण सगळ्यांनीच हे कधी ना कधी घोकले आहे. पण हे रंग झेंड्यावर आले तेव्हा त्यांचा अर्थ हा नव्हता. रंग आधी आले, आजचा अर्थ त्यांना पुढे ठराव करून दिला गेला.

आधीचे झेंडे पाहिले तर बराच गोंधळ दिसतो. मादाम भिकाजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत जो झेंडा फडकावला, त्यावर कमळे होती, सूर्य आणि चंद्रकोर होती, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्' होते. तो पुण्याच्या केसरीवाड्यात जतन केलेला आहे. दहा वर्षांनी टिळक आणि अ‍ॅनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीच्या झेंड्यावर लाल-हिरवे पट्टे आणि सप्तर्षी आले, आणि कोपऱ्यात चक्क युनियन जॅक. आज हे विचित्र वाटते. पण मागणी साम्राज्यांतर्गत स्वराज्याची होती आणि झेंडा तेवढेच सांगत होता.

आजच्या तिरंग्याची खरी गोष्ट १९२१ मध्ये बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्यात सुरू होते. मछलीपट्टणच्या पिंगली वेंकय्या यांनी झेंड्यांच्या तीस नमुन्यांची पुस्तिका आधीच काढली होती. गांधीजींनी त्यांच्याकडून लाल आणि हिरव्या रंगांवर चरखा असा झेंडा मागवला. चरख्याची कल्पना जालंधरच्या लाला हंसराज यांची. झेंडा काँग्रेसच्या महासमितीच्या बैठकीत मांडायचा होता, पण तो वेळेत तयार झाला नाही, आणि हा उशीर पथ्यावर पडला. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, मग बाकीच्यांचे काय, हा विचार गांधीजींना त्या अवधीत सुचला आणि पांढरा पट्टा वाढला. तो सर्वांत वर, कारण संख्येने जे सर्वांत कमी त्यांना पहिला मान. त्याखाली हिरवा, तळाशी लाल.

म्हणजे पहिल्या तिरंग्यात प्रत्येक रंगामागे धर्म उघडपणे होता. पाठ्यपुस्तके हे सहसा सांगत नाहीत.

काँग्रेसने या झेंड्याला औपचारिक मान्यता दिली नव्हती, तरी लोकांनी तो आपला मानला. १९२३ मध्ये नागपुरात सिव्हिल लाइन्स भागात झेंड्याची मिरवणूक न्यायला बंदी झाली आणि झेंडा सत्याग्रह पेटला. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर सूत्रे वल्लभभाई पटेलांनी हाती घेतली. देशभरातून तुकड्या येत आणि पकडल्या जात. त्यांत हुबळीचे स्वयंसेवक घेऊन आलेले डॉ. ना. सु. हर्डीकरही होते.

पण रंगांना धर्म जोडला की हिशेब सुरू होतो. पांढऱ्यात 'इतर' म्हणून राहणे शिखांना मान्य नव्हते, त्यांना आपला रंग हवा होता. अखेर १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली : पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि तेच हर्डीकर. समितीने सुचवले काय, तर संपूर्ण केशरी झेंडा आणि वरच्या कोपऱ्यात तांबूस तपकिरी चरखा! एकच रंग असला की वाटणीचा प्रश्नच उरत नाही, हे तर्काला धरूनच होते. तरीही महासमितीने ते नाकारले. दहा वर्षे ज्याच्यासाठी लोक तुरुंगात गेले, तो झेंडा असा पुसता येत नाही.

ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत मधला मार्ग निघाला. लालऐवजी केशरी आला आणि वर गेला, पांढरा मध्ये, हिरवा खाली, मध्यभागी निळा चरखा. या रंगांना जातीय अर्थ नाही, असे ठरावातच नोंदवले गेले. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांततेचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. माझ्या मते झेंड्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच, कारण कापड थोडेच बदलले आणि अर्थ मात्र मुळापासून.

२२ जुलै १९४७ ला संविधान सभेत नेहरूंनी ठराव मांडला तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चोवीस आऱ्यांचे चक्र आले. नेहरूंनी दिलेले एक कारण अगदी व्यवहारी होते : झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे, आणि चाक एकीकडे, चाती दुसरीकडे असलेला चरखा मागून उलटा दिसतो. गांधीजींना चरखा जाणे रुचले नाही. त्याच सभेत डॉ. राधाकृष्णन यांनी हिरव्याचे नाते मातीशी, तिच्यावर वाढणाऱ्या हिरवाईशी जोडले. आपल्या तोंडपाठ उत्तरातली 'समृद्धी' त्याच वळणाची. १९३१ ची 'श्रद्धा आणि शौर्य' मात्र बहुतेकांच्या स्मरणातून गेली.

चरखा चित्रातून गेला तरी कापडात राहिला होता. २००२ च्या ध्वजसंहितेतही झेंडा हातसुताचा, हातमागाचाच असावा असे बंधन होते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर तयार झालेल्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली. पुढच्याच ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' आले. नांदेड आणि हुबळीच्या खादी संस्थांत हातसुताचे झेंडे शिवले जातात, ते आता पॉलिएस्टरच्या शेजारी विकायचे आहेत.